गेंड्याची कातडी आणि सोळा गेजचा पत्रा

ताई, नमस्कार.
मी मूळचा कोल्हापूरचा, वय ३१, चार वर्षांपासून ओहायोत आहे. लहानपणी तालमीत लाठी आणि फरी-गदगा शिकलो. पाच महिन्यांपूर्वी इथल्या एका बागेत काही लोक चिलखत घालून लढताना दिसले आणि मी त्यांच्यात जाऊ लागलो. गट मध्ययुगीन लढाईचा आहे, एससीएचा. इतके दिवस त्यांचंच उसनं चिलखत घालत होतो. गेल्या महिन्यात इंटरनेटवरून स्वतःचं शिरस्त्राण मागवलं. गंमत म्हणजे ते भारतातच बनलेलं निघालं. खोक्यावर '१८ गेज, बॅटल रेडी' असं छापलं होतं. मार्शलनं, म्हणजे लढाईतली सुरक्षितता बघणाऱ्यानं, सगळ्यांदेखत मोजमाप घेतलं आणि नापास केलं. त्याच आठवड्यात एकानं बाजूला घेऊन सांगितलं, की मी वार मान्य करत नाही अशी कुजबुज आहे. खरं सांगतो ताई, मला लागलंच नव्हतं. तिसरं म्हणजे मला महाराजांचा मावळा म्हणून उतरायचं होतं, तर म्हणे काळात बसत नाही. सगळे नियम मलाच का? तिथे मी एकटाच भारतीय आहे. सोडून देऊ का? की खऱ्या पोलादी तलवारींनी लढणाऱ्या दुसऱ्या गटात जाऊ? बायको म्हणते, गॅरेज आधीच भरलंय. शिरस्त्राण घातलेला आणि त्याच्या आतल्या बाजूचा, असे फोटो सोबत जोडतो.
– तलवारवेडा, ओहायो

प्रिय तलवारवेड्या,

अरे-तुरे केलेलं चालेल ना? वयानं मी तुझ्या मावशीएवढी असेन. हे सदर मी सात वर्षं लिहितेय आणि सासू, व्हिसा, मुलांचं मराठी या तीन विषयांपलीकडचं पत्र वर्षाकाठी एखादं येतं. तुझं उघडलं आणि समोरचा चहा गार झाला. कारण या सदराच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की पंचेचाळिशीला टेकेपर्यंत मीही दर रविवारी असल्याच एका बागेत वेताच्या काठ्या खात होते. अकरा वर्षं. डाव्या गुडघ्यानं राजीनामा दिला म्हणून थांबले, नाहीतर अजून तिथेच असते.

बाकीच्या वाचकांना हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते, तोवर तू दम घे. एससीए म्हणजे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या परसात काही इतिहासवेड्या मंडळींनी १ मे १९६६ रोजी हौसेनं एक लढतीचा सामना भरवला, त्यातून ही संस्था उभी राहिली. (वाढदिवस महाराष्ट्राचाच, फक्त सहा वर्षं उशिरा.) आज तिची वीस 'किंगडम्स', म्हणजे प्रादेशिक विभाग, आहेत, ओहायोचा बहुतेक भाग त्यातल्या मिडल किंगडममध्ये येतो. लोक सतराव्या शतकापूर्वीचे कपडे शिवतात, तेव्हाचं रांधतात, गातात, धनुष्यबाण चालवतात आणि आपल्या तलवारवेड्यासारखे काहीजण चिलखत चढवून एकमेकांवर खरोखर तुटून पडतात. लढाई बसवलेली नसते. नाटक नसतं. तलवार तेवढी वेताची, कमीत कमी सव्वा इंच जाडीची, वर डक्ट टेप गुंडाळलेली. वेत निवडला कारण तो लाकडासारखा टोकदार ढलपी होऊन फुटत नाही, पिंजून मऊ होतो. पण शाळेतल्या मास्तरांची छडी डोळ्यांसमोर आणू नका. सव्वा इंची वेत पूर्ण ताकदीनं डोक्यावर बसला, की शिरस्त्राणात देवळातली घंटा वाजते आणि आपण त्या घंटेच्या आत असतो.

तर आता शिरस्त्राण. मार्शलचं बरोबर होतं. त्यात वाद घालायला जागा नाही.

नियम सोळा गेजचा आहे, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचं पोलाद. तुझं अठरा गेजचं, म्हणजे १.२ च्या आसपास. गेजचा हिशेब उलटा असतो, आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. शिरोलीच्या एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं असतंस तर त्यानं चहा पाजून हे सांगितलं असतं. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक, तुला तो नखाएवढा वाटेल. पण पातळ पत्रा पहिल्या महिन्यात पोचे खातो आणि पोचा पडला, की तो आत तुझ्या कवटीच्या दिशेनं येतो. मधे असायला हवा तो किमान अर्धा इंच जाडीचा, पाणी न शोषणारा घट्ट फोम. तुझ्या फोटोत आत चामड्याच्या चार पट्ट्या दिसतात. त्या शोकेसमध्ये ठेवण्यापुरत्या ठीक.

दुसरी अडचण समोरून. फोटोत नाकावर नुसती पट्टी आहे, चेहरा उघडा. इतिहासात असं शिरस्त्राण होतं, नॉर्मन लोक तेच घालत. पण इथे चेहऱ्यासमोर जाळी लागते, तिच्या दोन गजांत एक इंचाहून जास्त फट चालत नाही आणि ती हनुवटीच्या खाली किमान इंचभर उतरावी लागते. मार्शल एक इंची दांडकं घेऊन प्रत्येक फटीत घालून बघतात. तुझ्या शिरस्त्राणात त्यांना दांडकं काढायचीसुद्धा गरज पडली नसणार. आणि हो, 'आता गजच डकवून घेतो' असं मनात आलं असेल, तर नको. पातळ पत्र्यावर वेल्डिंग करून त्याची जाडी वाढत नाही. परत करता येत असेल तर कर, नसेल तर दिवाणखान्यात ठेव, पाहुण्यांना आवडतं.

'भारतातच बनलेलं' हे तू जरा दुखऱ्या सुरात लिहिलंयस. तसलं काही नाही. आपल्याकडे उत्तरेत या मालाचे कारखाने आहेत, त्यांचा माल जगभर जातो, आणि मागणाऱ्याला तेच लोक चौदा गेजचं दणकट शिरस्त्राणही करून देतात. मी माझं दुसरं शिरस्त्राण तिकडूनच घेतलं होतं, गेज लेखी विचारून आणि आतल्या जाळीची फट मिलिमीटरमध्ये कळवून. 'बॅटल रेडी' हा विकणाऱ्याचा शब्द आहे. त्याच्या मनातली बॅटल कुठली, ते त्यालाच माहीत.

हे नियम कुणी खुर्चीत बसून तुला अडवायला लिहिलेले नाहीत, एवढं ध्यानात घे. सुरुवातीच्या काळात ही मंडळी फेन्सिंगचे मुखवटे घालून आणि जुन्या गालिच्यांचे तुकडे अंगाला बांधून लढत. डोकी, हात, गुडघे यांनी एकेक धडा दिला तसा एकेक नियम वाढत गेला. मानेचे मणके आणि गळ्याचा कंठमणी टणक वस्तूनं झाकलेला हवा, कोपर आणि गुडघे टणक हवेत, मूत्रपिंडं आणि खालच्या बरगड्या झाकलेल्या हव्यात, जांघ सांभाळलेली हवी. बायकांसाठी एक कलम आहे, ते वाचून मी पहिल्यांदा हसले होते: छातीचे दोन सुटे कटोरे चालत नाहीत, मधून टणक दुवा लागतो. मग एका जुन्या बाईनं समजावलं, की दोन सुट्या कटोऱ्यांवर आलेला वार घसरून बरोबर मधल्या हाडावर बसतो. तेव्हा हसू थांबलं.

तुझ्या खिशाचा विचार करून सांगते. शिरस्त्राणाची घाई करू नकोस, चांगलं शिरस्त्राण काही शे डॉलर खातं. गटाचं उसनं आहे तोवर ते वापर. आधी ज्या वस्तू घामात भिजतात आणि दुसऱ्याच्या घालाव्याशा वाटत नाहीत, त्या घे: खेळाच्या दुकानातलं लंगोटातलं कवच, मग कोपर-गुडघ्यांची जोडी. मूत्रपिंडांसाठी वजन उचलणारे लावतात तसला जाड चामड्याचा पट्टा पुष्कळ लोक वापरतात. छातीसाठी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचे तुकडे कापून, गरम करून वाकवून कपड्याखाली लपवणारे सरदार मी डोळ्यांनी पाहिलेत. दहा पावलांवरून प्लॅस्टिक दिसलं नाही म्हणजे झालं. शिरस्त्राण मात्र जुनं मिळालं तर बघ. कुणाचं वजन वाढतं, कुणाला बाळ होतं, कुणी टेक्सासला जातं, आणि उत्तम माल निम्म्या किमतीत मोकळा होतो. डोक्याचा घेर फोम धरून मोज.

आता मावळा. यावर तू सगळ्यात जास्त चिडलायस हे मला कळतं, कारण मीही चिडले होते.

संस्थेची रेघ सतराव्या शतकाच्या उंबऱ्यावर आहे, म्हणजे १६०० पर्यंत. महाराजांचा जन्म १६३० चा. तीस वर्षांनी हुकलं. यात महाराष्ट्राचा अपमान शोधू नकोस. इंग्लंडच्या यादवी युद्धातला क्रॉमवेलचा घोडेस्वारही त्याच रेघेबाहेर राहतो, आणि त्याच्यासाठी हळहळणारे गोरे तुला तिथे चिक्कार भेटतील.

पण रेघेच्या अलीकडे जे आहे ते काय थोडं आहे? डिसेंबर १५९५. शहजादा मुरादची मोगल फौज अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसलीय, आत चांदबिबी आहे, बुरुजाखाली सुरुंग लागलेत. निजामशाहीच्या चाकरीत तेव्हा मराठे शिलेदार होते, मालोजीराजे भोसले आणि सिंदखेडचे लखुजी जाधव त्याच पिढीतले. महाराजांच्या आजोबांच्या पिढीचा शिलेदार हो ना! स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार, आणि धनी कोण हे दर काही वर्षांनी ठरवायची मोकळीक. मला विचारशील तर मावळ्यापेक्षा हा माणूस रंगवायला जास्त मजा आहे, कारण त्याच्या मनात काय चाललं असेल ते आपल्याला पाठ नाही. मावळ्याचे संवाद आपण चौथीपासून म्हणत आलोय.

कपड्यांचा पुरावाही हाताशी आहे. हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीवरचं 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईचा, ज्याला आपण राक्षसतागडी म्हणतो, त्याचा प्रसंग त्यात रंगवलेला आहे. दख्खनी अंगरखे, कमरेचे पटके, पागोटी, घोड्यांचा साज, सगळं नजरेनं टिपता येईल असं. तुझ्या कोल्हापूरचाच हट्ट असेल तर आणखी मागे जा. बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावर शिलाहारांचा दुसरा भोज होता. तिथे चित्रं नाहीत, खिद्रापूरच्या कोपेश्वरासारखी देवळं आहेत. शिल्पावरून कापड ओळखायचं म्हणजे डोक्याला ताप, पण तो ताप आवडणारे लोक याच संस्थेत सापडतात. संस्थेचा नियम फक्त 'त्या काळचा पोशाख करायचा प्रामाणिक प्रयत्न' एवढाच आहे. पहिल्या दिवशी साधा सुती अंगरखा नि सैल विजार पुरते. शिरस्त्राणावर मुंडासं गुंडाळलंस तरी चालेल, जाळी झाकली नाही म्हणजे बस. दांडपट्टा मात्र विसर. वेताचा पट्टा होत नाही.

एक सूचना, आणि ही गंभीरपणे घे: कपड्यावर, ढालीवर, कुठेही स्वस्तिक काढू नकोस. तुझ्या आजीनं उंबऱ्यावर काढलेलं असलं तरी. २०१८ मध्ये एका किंगडमच्या राजा-राणीनं कपड्यांच्या किनारीवर ते चिन्ह मिरवलं, जुन्या नमुन्याचा हवाला दिला, आणि दोघांनाही पद सोडावं लागलं. तिथे त्या चिन्हाला दुसरा इतिहास चिकटलेला आहे आणि तुझ्यासमोरचा माणूस ज्यू असू शकतो. कमळ काढ, गजव्याल काढ, हत्ती काढ. आपल्याकडे चिन्हांचा तुटवडा नाही.

आणि आता तुझ्या पत्रातली ती ओळ, जी तू दोन वाक्यांत उरकलीस. माझ्या मते खरी परीक्षा तुझी तिथे चाललीय. शिरस्त्राण हा पोरखेळ आहे, ते व्हर्निअरनं मोजता येतं.

या खेळात वार लागला की नाही हे मार्शल ठरवत नाही. मार्शल सुरक्षितता बघतो, कुणाची जाळी सुटली, कुणाचा पट्टा तुटला, की 'होल्ड!' ओरडतो. (तो शब्द कुणीही ओरडू शकतो आणि तो ऐकला की जिथल्या तिथे थांबायचं, यावर कधीच तडजोड नसते.) वार लागला का, हे ज्याला लागला तोच सांगतो. नीट, धारेच्या बाजूनं, पुरेशा जोरानं बसला तर 'गुड' म्हणून खाली पडायचं. पायावर बसला तर गुडघ्यांवर बसून लढायचं, हातावर बसला तर तो हात गेला. हलका असेल तर 'लाइट' म्हणायचं आणि पुढे चालू. ना पंच, ना कॅमेरा, ना फेन्सिंगसारखा दिवा. आणि या पायावर ते केवढा इमला चढवतात बघ. त्यांचा राजासुद्धा सामना जिंकून ठरतो. म्हणजे हरलेल्या प्रत्येकानं 'गुड' म्हटलं म्हणून तो राजा. एकानं जरी मुद्दाम गिळून टाकलं, तरी मुकुट चुकीच्या डोक्यावर जातो.

जो वार मान्य करत नाही त्याला ते 'ऱ्हायनो' म्हणतात. गेंड्याची कातडी. आपल्याकडे हा शब्द पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलाय, तिकडे शिलेदारांसाठी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच जनावराकडे बोट दाखवलं, याची मला अजून गंमत वाटते.

तू खोटारडा आहेस असं मी म्हणत नाही. तुला लागलं नाही, यावर माझा विश्वास आहे. पण 'लागणं' म्हणजे काय हे तुला अजून शिकायचंय, कारण तुझ्या अंगावर नेमकं काय आहे हे इथे मोजतच नाहीत. तू जाडजूड गादी घाल नाहीतर पिंपाचं प्लॅस्टिक घाल, सगळ्यांच्या अंगावर एकसारखंच काहीतरी आहे असं धरतात: गादीवर कड्यांचं चिलखत, हातापायांवर उकळून कडक केलेलं चामडं आणि डोक्यावर नाकपट्टीचं उघडं लोखंडी शिरस्त्राण. गंमत बघ, हे शिरस्त्राण म्हणजे थेट तुझं नापास झालेलं! म्हणून जाळीवर टोचा हलका बसला तरी तो मोजतात, समजुतीप्रमाणे तिथे तुझा उघडा चेहरा आहे. जेवढं जास्त चिलखत चढवशील तेवढा तुझा कान जास्त उघडा हवा, कारण कातडीपर्यंत निरोप कमी पोचतो.

शिवाय तुझी तालीम तुझ्या आड येतेय, असा मला दाट संशय आहे. फरी-गदग्यात वस्तादानं तुला अंग चोरायला शिकवलं, पाय काढून घ्यायला शिकवलं. त्यामुळे तुझ्यावरचा प्रत्येक वार शेवटच्या क्षणी थोडा तिरका बसतो आणि तुला तो निसटता वाटतो. समोरच्याला मात्र काठीच्या मुठीतून भरलेला दणका जाणवलेला असतो. दोघंही खरं बोलत असता. मग काय करायचं? आवाज ऐक. भरलेला वार आणि घसरलेला वार यांचा आवाज वेगळा असतो, ढोल आणि ताशाइतका. समोरच्याच्या तलवारीवर वेगळ्या रंगाची टेप धारेची बाजू दाखवते, ती कुठून आली ते बघ. आणि एका जाणत्या माणसाला सरळ सांग, 'मला उभं करून मार.'

हे मी विनोदानं सांगत नाही, असं करतात. माझ्या दुसऱ्या वर्षी माझ्याबद्दलही हीच कुजबुज होती. मला वाटलं, बाई आहे, बुटकी आहे, सावळी आहे, म्हणून बोलतात. बायका-पुरुष तिथे एकाच रिंगणात लढतात आणि मला मेलं सिद्ध करून दाखवायचं होतं. एक पांढऱ्या दाढीचा शिलेदार मला झाडाखाली घेऊन गेला, ढाल बाजूला ठेवायला लावली आणि माझ्या दंडावर, मांडीवर, शिरस्त्राणावर हळू हळू जोर वाढवत वार करत गेला. प्रत्येकानंतर विचारायचा, 'हा?' मी म्हणायचे 'लाइट'. एका ठिकाणी तो थांबला. म्हणाला, 'हा गुड. हा लक्षात ठेव.' मला तो हलका वाटला होता! मग त्यानं मला त्याच्यावर तेवढ्याच जोरानं मारायला लावलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी स्वतः समोरच्याकडून ज्या वाराला 'गुड'ची अपेक्षा धरत होते, तो याच्याहून हलका होता. कान तापले माझे. त्या दिवसापासून शंका आली की मी मरायला लागले.

तूही महिनाभर तेवढंच कर. शंका आली की मर. सरावात कुणी मोजत नाही आणि मेलेला माणूस अर्ध्या मिनिटात उठतो. आठ दिवसांत कुजबुज थांबेल, महिन्यात लोक तुझ्याशी लढायला रांग लावतील, कारण ज्याच्या 'लाइट'वर विश्वास ठेवता येतो असा माणूस सगळ्यांना हवा असतो.

(काळेनिळे वळ उठतील. डॉक्टरला तपासणीआधीच सांगून टाक. माझ्या डॉक्टरनं एकदा नवऱ्याला बाहेर बसवून मला हळू आवाजात विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना. मी खरं ते सांगितलं, तर तिचा चेहरा आणखीच गंभीर झाला.)

'सगळे नियम मलाच का?' याचं उत्तर राहिलं. तिथे रंग कुणाला दिसत नाही, असं गोड खोटं मी तुला सांगणार नाही. दिसतो. पण प्रत्येक गोष्ट त्या एका काट्यावर तोलू नकोस. जो नियम लेखी आहे, तुला दाखवता येतो आणि तुझ्या शेजारच्यालाही लागतो, तो तुझ्या रंगासाठी केलेला नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचं नवं शिरस्त्राण तपासतील तेव्हा जवळ उभा राहा. तेच दांडकं निघालं तर प्रश्न मिटला. नाही निघालं, किंवा कुणी तुझ्या बोलण्याची, नावाची, देशाची टिंगल केली, तर ती दुसरी गोष्ट. त्यासाठी प्रत्येक स्थानिक गटात सेनेशल नावाचा कारभारी असतो, त्याच्याकडे तारीखवार लिहून दे. तुला ज्यानं बाजूला घेऊन सांगितलं, त्यानं चारचौघांत न सांगता बाजूला घेतलं, हेही बघ. माझ्या हिशेबात तो तुझा मित्र आहे.

ऑथरायझेशनची, म्हणजे सामन्यात उतरायची परवानगी देणारी, परीक्षा जवळ आली असेल तर तालमीची आणखी एक सवय मोड. लाठीवाल्याचा हात आपोआप समोरच्याच्या मनगटावर आणि नडगीवर जातो. इथे मनगटापासून पुढचा हात आणि गुडघ्याच्या वर एक इंचाखालचा पाय वर्ज्य आहे. परीक्षेत जिंकावं लागत नाही. तू नियम जाणतोस, दडपणाखाली डोकं ठिकाणावर ठेवतोस, स्वतःला आणि समोरच्याला इजा करत नाहीस, एवढं बघतात. हरून उत्तीर्ण झालेले ढिगानं आहेत. जिंकून नापास झालेला एक मी स्वतः पाहिलाय, तीनदा नडगीवर मारून.

पोलादी गटाबद्दल थोडक्यात. पोलादाचे दोन संसार आहेत. एक, इतिहास जिवंत करून दाखवणारे लोक. बोथट पोलाद, प्रेक्षकांसमोर लढाई, वार आवरून मारायचे. त्यांची कपड्यांची शिस्त मात्र एससीएपेक्षा पुष्कळ कडक, मशीनची शिवण दिसली तरी भुवया उंचावतात. दुसरा, ज्याला बुहुर्त म्हणतात, त्याची 'बॅटल ऑफ द नेशन्स' ही स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली. तिथे समोरच्याला जमिनीवर पाडायचं, पडला तो बाद. कुणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच नाही, कोल्हापूरकराला कुस्तीमुळे तो जमेलही. पण तुझ्यावरचा आरोप चुकवायला तिकडे जाऊ नकोस. आणि चिलखताचा खर्च वाचून तुझी बायको मला पत्र लिहील, तेव्हा मी तिच्या बाजूची असेन.

तिचं गॅरेजचं म्हणणं खरं आहे. चिलखत जागा खातं हे एक, आणि ऑगस्टमध्ये त्याला वास येतो तो ओल्या घोंगडीचा, हे दुसरं. त्यावर उपाय नाही, फक्त पंखा आहे. तिला एकदा पेन्सिकला, एससीएच्या मोठ्या लढाई-मेळ्याला, घेऊन जा. पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ, जुलै-ऑगस्टमध्ये दोन आठवडे, दहा हजारांच्या घरात माणसं तंबू ठोकून राहतात. १९७२ पासून चाललंय. दंतकथा अशी, की हरणाऱ्या बाजूच्या गळ्यात पिट्सबर्ग पडतं. तुझी लढाई तिला तासाभरात कंटाळवाणी होईल, पण कापड रंगवणारे, काचेचे मणी ओढणारे, जुन्या पाकक्रिया उकरणारे लोक तिथे गल्ल्या भरून असतात. माझा नवरा चिलखताच्या नावानं बोटं मोडत आला होता. तो तिथल्या एका तंबूत लगोरीएवढ्या चुलीवर पाव भाजायला शिकला आणि पुढची नऊ वर्षं माझ्याआधी त्याचं सामान गाडीत असायचं.

जाता जाता, फोटोतली आणखी एक गोष्ट. तुझ्या गळ्यात बाहेर काढलेली सोन्याची साखळी आहे, सासऱ्यांनी घातलेली असणार. तिथे साधी, बिनपदकाची सोन्याची साखळी आणि पांढरा कमरपट्टा या दोन खुणा नाइट झालेल्यांच्या आहेत, आणि ते पद वर्षानुवर्षं लढून मिळतं. कुणी तुला तोंडावर काही म्हणणार नाही, पण पाच महिने सगळे त्या साखळीकडे बघत असतील. शर्टाच्या आत घाल. सासऱ्यांना मी सांगत नाही.

– तुझी ताई